स्प्रूस सुकतोय? शेंडा नंतर, आधी बुंध्याशी भुसा बघा

आधी लक्षणं सांगतो, कारण बहुतेक जण इथवर पोचल्यावरच फोन करतात.

अंगणातला किंवा घरामागच्या रानातला स्प्रूस, म्हणजे सुईसारख्या पानांचं शंकूवालं झाड, जर्मनमध्ये फिख्टे, महिन्याभरापूर्वी गर्द हिरवा होता. आता त्याच्या सुया निस्तेज झाल्यात आणि शेंडा तांबूस पडायला लागलाय. कधी उलटं होतं. वर झाड हिरवंगार असतं आणि खाली सालीचे तळहाताएवढे तुकडे पडलेले असतात. कधी हिरव्या सुयांचाच सडा पडतो. खोडावर राळेचे ओघळ दिसतात, सुतारपक्षी एकाच खोडाला दिवसभर टोचत राहतो. मग काही आठवड्यांत शेजारचं झाडही त्याच वाटेला लागतं.

मी जर्मनीत हार्त्सच्या डोंगरांच्या पायथ्याशी राहतो. झाडं तपासणं, छाटणं आणि गरज पडली तर उतरवणं हे माझं रोजचं काम. २०१८ च्या दुष्काळापासून त्यातला मोठा भाग एकाच किड्याने खाल्लाय. शास्त्रीय नाव इप्स टायपोग्राफस, जर्मन नाव बुखड्रुकर, म्हणजे पुस्तक छापणारा. हा सालीखाली राहणारा भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटरचा, तपकिरी-काळा आणि केसाळ असतो. तांदळाच्या दाण्याशेजारी ठेवला तर दाणा मोठा वाटेल.

आमचं घर सांगोल्याकडचं, डाळिंबाचं. तिकडे डाळिंबाच्या खोडाला बारीक भोकं पाडणारा जो भुंगेरा आहे, ज्याला सगळे शॉट होल बोरर म्हणतात, तो याच्याच कुळातला. इथल्या जंगलाची दशा मी पहिल्यांदा आबांना फोनवर सांगितली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : "भुसा कुठल्या रंगाचा पडतोय?" आजही कुठल्याही झाडाशी गेलो की मी आधी तेच बघतो, आणि तुम्हीही तेच बघावं म्हणून हे लिहितोय. शेंडा लाल दिसेपर्यंत भुंगेऱ्यांची नवी पिढी बहुधा उडून गेलेली असते. ते झाड गेलं. अजून हातात असतं ते शेजारचं हिरवं झाड, आणि त्याच्यावरची खूण शेंड्यावर नाही, बुंध्याशी मिळते.

पहिली तपासणी : झाड स्प्रूसच आहे का?

याला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटांत होते. तरी निम्मे फोन इथेच मिटतात. आपल्याकडे शंकूवाल्या सगळ्या झाडांना सरसकट ख्रिसमस ट्री म्हणायची सवय आहे, त्यामुळे फोनवर नुसतं "ख्रिसमस ट्री वाळतंय" एवढंच कळतं.

एक सुई तोडून अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, ती पेन्सिलीसारखी गरगर फिरते. फरची, म्हणजे टानेची, सुई चपटी असते, ती फिरत नाही, आणि तिच्या पाठीमागे दोन पांढऱ्या रेघा असतात. सुया गळालेल्या फांदीवरून बोट फिरवा : स्प्रूसची फांदी किसणीसारखी खरखरीत लागते, फरची गुळगुळीत. स्प्रूसचे शंकू खाली लोंबतात आणि अख्खेच्या अख्खे गळतात. फरचे शंकू मेणबत्तीसारखे उभे असतात आणि झाडावरच सुटे होतात. पाइनच्या सुया जोडीने किंवा झुपक्याने येतात. थुजाच्या कुंपणाला तर सुयाच नसतात, खवले असतात.

एवढा आग्रह का, तर हा भुंगेरा झाडाबाबत फार काटेकोर आहे. त्याचं खरं घर युरोपचा साधा स्प्रूस, पिसिया अबिएस. पूर्वेकडे सरकलात की तो सैबेरियन स्प्रूसवर मिळतो, आणखी पुढे जपान-कोरियाकडच्या स्प्रूसवर. कॉकेशसमध्ये, जॉर्जियात, तो नंतर पोचला आणि तिथल्या ओरिएंटल स्प्रूसवर बसला. बागेतला निळा स्प्रूस आणि सिट्का स्प्रूसही त्याला चालतात. साथ जोरात असली की तो पाइन, लार्च, फर यांच्यावरही जाऊन बघतो, पण तिथे त्याचा संसार क्वचितच नीट लागतो. म्हणून तुमचं झाड फर, पाइन किंवा थुजा निघालं तर हा लेख बाजूला ठेवा. त्यांचे भुंगेरे वेगळे, बुरश्या वेगळ्या आणि उपायही वेगळे. हिमालयातल्या देवदाराला आणि चीडलाही सालीखालचे भुंगेरे लागतात. ते याचे नातलग, पण जाती निराळ्या, त्यामुळे हिमाचलात जमीन घेतलेल्यांनी इथलं वेळापत्रक तिकडे लावू नये.

झाड कुठे उभं आहे?

ही तपासणी कमी आणि समज जास्त. पण ती आली की पुढच्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागतो.

स्प्रूस मुळात थंडीतला गडी. आल्प्सचा वरचा पट्टा, कार्पेथियन, स्कँडिनेव्हिया, रशिया ही त्याची माहेरची ठिकाणं. त्याची मुळं उथळ पसरतात, खोल जात नाहीत, म्हणून त्याला जमिनीत सतत ओल लागते. हार्त्समध्ये तो निसर्गतः होता तो वरच्या अंगाला, ब्रोकेन शिखराच्या आसपास. ब्रोकेनची उंची ११४१ मीटर. खालच्या उतारांवर बीच आणि ओक होते. ते लाकूड शतकानुशतकं खाणींना आणि धातूच्या भट्ट्यांना गेलं, आणि पुढे सरळ, भराभर वाढणारं म्हणून तिथे ओळीने स्प्रूस लावला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर उघड्या पडलेल्या जमिनीही बऱ्याच अंशी त्यानेच भरून काढल्या. २०१२ च्या राष्ट्रीय वनमोजणीत जर्मनीच्या जंगलाचा साधारण चौथा हिस्सा एकट्या स्प्रूसचा होता.

भुंगेरा बाहेरून आलेला पाहुणा नाही. जिथे स्प्रूस, तिथे तो पूर्वीपासून आहे, आणि एरवी पडलेल्या, मोडलेल्या झाडांवर निमूटपणे जगतो. त्याची गाडी उधळते ती वादळानंतर. वादळाने एका रात्रीत लाखो खोडं आडवी केली की त्याला फुकटचं खाणं मिळतं, त्यांची संख्या फुगते आणि मग ते उभ्या झाडांवर चाल करतात. १९९९ च्या डिसेंबरातलं लोथार, २००७ च्या जानेवारीतलं किरिल, २०१८ च्या जानेवारीतलं फ्रीडरिके. शेवटच्या वादळामागोमाग सलग तीन कोरडी वर्षं आली. ताकदवान स्प्रूस भोक पाडणाऱ्या भुंगेऱ्याला राळेत बुडवून मारतो. पण राळ दाबाने बाहेर यायला झाडात पाणी हवं. पाणीच नाही म्हटल्यावर झाडाच्या हातातलं हत्यारच गेलं. जर्मनीच्या अवकाश संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या हिशोबात २०१८ च्या जानेवारीपासून २०२१ च्या एप्रिलपर्यंत सुमारे ५ लाख हेक्टरांवरचं झाडांचं छत्र गेलं. त्यात दुष्काळ आणि वादळंही आहेत, पण उतारावर उभं राहून बघितलं की करड्या खोडांची जी रांग दिसते, ती बहुतेक स्प्रूसचीच.

तेव्हा स्वतःला विचारा. झाड सखल भागात आहे का? दक्षिणेचं ऊन थेट खोडावर येतं का? शेजारचं झाड नुकतंच पाडल्यामुळे खोड उघडं पडलंय का? आसपास पडलेली खोडं किंवा सालीसकट रचलेलं सरपण आहे का? यातल्या दोन गोष्टींना हो असेल तर पुढच्या तपासण्या आजच करा, रविवारपर्यंत थांबू नका.

इंग्लंडातल्या मराठी मंडळींना एक सांगणं : २०१८ मध्ये हा भुंगेरा केंटमधल्या जंगलात वीण घालताना सापडला. तिथे त्याची नोंद सरकारला देणं बंधनकारक आहे, म्हणून शंका आली तरी आधी कळवा. अमेरिका-कॅनडातल्यांनी याची काळजी करू नये. तो तिथल्या बंदरांवर मालाच्या लाकडात अनेकदा पकडला गेलाय, पण जंगलात बस्तान बसलेलं नाही. तिकडचे भुंगेरे वेगळे.

दुसरी तपासणी : नेमक्या कुठल्या सुया वाळल्यात?

लागतो फक्त एक पांढरा कागद.

निळ्या स्प्रूसच्या बाबतीत हे आधी करा. वसंतात फांदीच्या आतल्या, खोडाजवळच्या जुन्या सुया तपकिरी होऊन गळाल्या असतील आणि टोकाची नवी पालवी हिरवी असेल, तर भुंगेऱ्याचा संशय घेऊ नका. फांदीखाली कागद धरून तिच्यावर दोन चापट्या मारा. कागदावर बारीक हिरवे, लाल डोळ्यांचे जीव चालायला लागले तर तो मावा आहे. झाड बोडकं दिसेल, पण बहुधा सावरेल. एका ताईंच्या बागेत मी पोचायच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी "बोर्केनकेफर आहे", म्हणजे सालीखालचा भुंगेरा आहे, असं सांगून पंचवीस वर्षांचा निळा स्प्रूस पाडला होता. साल जागच्या जागी घट्ट होती, आतली बाजू पांढरीशुभ्र आणि ओली. एकही भोक नव्हतं. ते खोड बघून आलेला राग अजून गेलेला नाही.

फक्त रस्त्याकडची बाजू तपकिरी असेल तर हिवाळ्यात बर्फावर टाकलेल्या मिठाचा विचार करा. फक्त खालच्या फांद्या सुकल्या असतील तर ती सावली, रोग नाही. भुंगेऱ्याचं वाळणं बहुधा वरून खाली येतं, कारण तो हिरवा पसारा जिथे सुरू होतो त्या उंचीच्या आसपास पहिला घाव घालतो.

तिसरी तपासणी : भुसा

खरी तपासणी हीच. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला.

दोन-तीन दिवस पाऊस आणि वारा नसलेली सकाळ निवडा, कारण एक सर आली की पुरावा धुऊन जातो. बुंध्याशी गुडघे टेकून बसा. उभ्याने दिसत नाही. सालीच्या खवल्यांमागे, बुंध्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यांत, मुळांच्या खोबणीत आणि खाली उगवलेल्या खाजकुइलीसारख्या रानपाल्याच्या पानांवर बघा. बारीक दळलेल्या कॉफीसारखी तपकिरी पूड सापडली तर भुंगेरा आत शिरलाय. ही पूड सालीची असते. नर साल पोखरून आत जाताना ती मागे ढकलत बाहेर टाकतो.

पूड पांढरी असेल तर? ती लाकडाची. लाकडात शिरणारे भुंगेरे किंवा मुंग्या असतील. पडलेल्या ओंडक्यावर पांढऱ्या भुशाचे ढीग दिसले तर लाकडाची किंमत उतरते, पण उभ्या झाडाला तो जीवघेणा नाही. आबांच्या प्रश्नात हेच होतं. डाळिंबाचा भुंगेरा लाकडात घुसून तिथे बुरशी वाढवतो आणि ती खातो. आमचा लाकडाला जवळजवळ हात लावत नाही. साल आणि लाकूड यांच्यामधला जो ओला, गोडसर पापुद्रा पानांतलं अन्न मुळांकडे नेतो, तोच तो खातो. चहूबाजूंनी तो खाल्ला गेला की मुळं उपाशी राहतात, आणि भुंगेऱ्याने सोबत आणलेली बुरशी पाण्याच्याही वाटा बंद करते.

दिवसाचं तापमान १६-१७ अंशांच्या वर जायला लागलं की ते उडू लागतात. पहिला नर योग्य झाडात शिरला की त्याच्या गंधाने बाकीचे येतात. अशक्त झाडाला काहीशे पुरतात, धडधाकट झाडाला काही हजार लागतात. अंड्यापासून नवा भुंगेरा व्हायला उन्हाळ्यात सहा ते दहा आठवडे. स्कँडिनेव्हियात आणि उंच डोंगरात वर्षाला साधारण एक पिढी, इकडे दोन, तापलेल्या वर्षी तीन. आठवड्याची फेरी चुकवू नका म्हणतो ते या हिशोबाने.

चौथी तपासणी : दुर्बीण

पक्षी बघायची साधी दुर्बीण चालेल. खोडावर, फांद्या सुरू होतात त्या उंचीला, राळेचे ताजे थेंब आणि चमकणारे ओघळ शोधा. ताजी, पातळ राळ म्हणजे झाड लढतंय. सुतारपक्ष्याने साल सोलून फिक्कट केलेले पट्टे दिसले तर आत अळ्या आहेत, पक्षी उगाच कष्ट करत नाही. थंडीत भुसा पडत नाही, तेव्हा ही तपासणी आणि गळालेली साल एवढ्याच खुणा उरतात. भुंगेरे सालीखाली आणि जमिनीवरच्या पालापाचोळ्यात हिवाळा काढतात. एखादा कडक हिवाळा त्यांना संपवेल या आशेवर राहू नका.

पाचवी तपासणी : सालीची आतली बाजू

इथे चाकू लागतो, म्हणून हिरव्या, निरोगी झाडावर हे करू नका. भुसा सापडलाय त्याच खोडावर, किंवा खाली पडलेल्या सालीवर करा.

सालीचा तुकडा उलटा करा. मधोमध एक छोटी खोली दिसेल, नर तिथे दोन-तीन माद्यांना घेतो. तिथून वर आणि खाली, खोडाच्या रेषेत, सरळ बोगदे जातात. ते माद्यांचे. त्यांच्या दोन्ही बाजूंना दाटीने आडव्या रेघा फुटतात, सुरुवातीला केसाएवढ्या आणि पुढे रुंद होत गेलेल्या. त्या अळ्यांच्या. उघडलेल्या पुस्तकातल्या ओळींसारखं हे दिसतं. लिनियसने १७५८ मध्ये टायपोग्राफस नाव दिलं ते यावरून. मी पहिल्यांदा असा तुकडा हातात घेतला तेव्हा त्याच्या सुबकपणाने थक्क झालो होतो, आणि लगेच वर बघितलं तर तीस मीटरचं झाड मेलेलं होतं.

बोगदे उभे नसून चांदणीसारखे चहूकडे पसरले असतील आणि भुंगेरा दोन मिलिमीटरचा असेल, तर तो कुप्फरश्टेखर, तांब्यावर कोरणारा. तो पातळ सालीचा, शेंड्याचा आणि तरुण झाडांचा वैरी. दोघं एकाच झाडावर असणंही नेहमीचं. भिंग असेल तर भुंगेऱ्याचं मागचं उतरतं टोक बघा : प्रत्येक बाजूला चार दात, त्यांतला तिसरा सर्वांत मोठा. मिळून आठ. हाच बुखड्रुकर.

आता आत कोण आहे ते बघा, कारण त्यावर तुमच्याकडे किती दिवस आहेत ते ठरतं. फक्त पांढऱ्या अळ्या असतील तर अजून थोडा वेळ आहे, आणि झाड पाडून साल सोलली तरी अळ्या उन्हात वाळून मरतात. फिक्कट पिवळट-तपकिरी नवे भुंगेरे दिसायला लागले की नुसतं सोलून भागत नाही, ते सालीतून चालत निघून जातात. तेव्हा सालीसकट सगळं हलवावं लागतं. आत काहीच नसेल, बाहेर बंदुकीच्या छर्र्यांसारखी भोकं असतील आणि साल कोरडी खडखडीत असेल, तर घर रिकामं झालंय. ते झाड घाईने पाडून भुंगेरा आटोक्यात येणार नाही. त्याच वेळात शेजारची हिरवी झाडं तपासा, शंभर मीटरच्या आतली एकूण एक.

हे करू नका

डाळिंबाच्या खोडाला गेरू आणि औषधाचा लेप देतात तसा इथे देऊ का, असं गावाकडून आलेली मंडळी हमखास विचारतात. आत शिरलेल्या भुंगेऱ्याला बाहेरचा लेप किंवा फवारा लागत नाही, आणि तीस मीटरच्या खोडाला घरगुती पंप पुरतही नाही.

गंधाचे सापळे ऑनलाइन मिळतात. बागेत लावू नका. गंध आजूबाजूचे भुंगेरे बोलावतो, त्यातले काही सापळ्यात पडतात आणि बाकीचे शेजारच्या झाडावर उतरतात. उडणं कधी सुरू झालं हे कळण्यासाठी वनखातं ते झाडांपासून नेमकं अंतर राखून लावतं.

पाडलेलं लाकूड सालीसकट अंगणात रचू नका. वनखात्याचा नेहमीचा दंडक स्प्रूसच्या जंगलापासून निदान ५०० मीटर दूर नेण्याचा आहे. सरपण करायचं असेल तर आधी साल काढा.

एकच गोष्ट घरी करण्यासारखी : निरोगी झाडाला कोरड्या आठवड्यांत भरपूर पाणी. रोज शिंपडणं उपयोगाचं नाही. आठवड्यातून एकदा पाइप फांद्यांच्या घेराखाली सोडून जमीन खोलवर भिजवा.

इथे थांबा

सालीखाली बोगदे सापडले की तुमची तपासणी संपली, पुढचं काम माणूस बोलावून करायचं. करवत हातात घेऊ नका. भुंगेऱ्याने मारलेल्या स्प्रूसचा शेंडा ठिसूळ होतो, आणि करवतीच्या थरथरीने तो सुटून पाडणाऱ्याच्याच अंगावर येतो. अनुभवी लाकूडतोडेसुद्धा यात गेलेत. झाड घर, रस्ता किंवा विजेची तार यांच्या टप्प्यात असेल तर प्रमाणित झाडकाम करणाराच हवा, कितीही महाग वाटला तरी.

पाडण्याआधी नगरपालिकेला फोन करा. बऱ्याच शहरांत ठरावीक घेराच्या वरची झाडं परवानगीशिवाय पाडता येत नाहीत, मेलेलं झाड असलं तरी ते दाखवावं लागतं. घरटी असतील तर निसर्ग-संरक्षणाचे नियम वेगळे लागतात. फोटो काढून ठेवा : अख्खं झाड, बुंध्याचा भुसा आणि सालीची आतली बाजू, शेजारी नाणं ठेवून.

तुमच्या मालकीचं रान असेल, अगदी अर्धा एकर, तर त्या भागाच्या फ्योर्स्टरला, म्हणजे वनाधिकाऱ्याला, कळवायला त्याच दिवशी फोन करा. अनेक राज्यांत भुंगेरा आवरणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि तुमच्याकडून उडालेले शेजाऱ्याच्या रानात बसतात. राष्ट्रीय उद्यानाच्या आतली मेलेली झाडं बघून "सरकारच काही करत नाही" म्हणू नका. तिथे मधल्या भागात निसर्गाला मोकळं सोडलंय आणि भुंगेरा रोखतात तो कडेच्या पट्ट्यात.

फोनवर फ्योर्स्टर चार गोष्टी विचारेल, त्या आधीच लिहून ठेवा : किती झाडं, भुसा पहिल्यांदा कधी दिसला, सालीखाली पांढऱ्या अळ्या आहेत की तपकिरी भुंगेरे, आणि ट्रक कुठपर्यंत येऊ शकतो.